फेट्यांएवढी जागा

कोपरीच्या मार्केटात गोदूमावशींनी मला दंडाला धरून थांबवलं, तेव्हा माझ्या खांद्याला प्लास्टिकची नळी लटकत होती आणि त्या नळीत माझे दोन बॅनर होते. खरे बॅनर नव्हेत, ते भिंतीएवढे असतात. त्यांच्या कागदावरच्या छोट्या प्रती. "अगं ए पायल," मावशी म्हणाल्या, आणि धरलेला दंड सोडायलाच तयार नाहीत, "प्रशांतच्या सत्काराचा तो पक्ष्यांचा बॅनर तूच केलेलास ना? काय सुंदर गं बाई! मी सुनेला परवाच सांगत होते, महेंद्रची पोरगी, अजून शाळेत जाते, आणि हात बघा तिचा!" मी हसले. थँक्यू मावशी म्हणाले. मग मला राहवलं नाही, मी विचारलं, "आणि मावशी, कल्याणला केशरआजीचा झाला तो? तोपण मीच केलेला." मावशींनी डोळे बारीक केले, वर पाहिलं, कोथिंबिरीची जुडी या हातातून त्या हातात घेतली. "त्याच्यावर काय होतं गं? काय की बाई, आठवत नाही. फेटे मात्र मस्त होते हां त्या दिवशी. निळेशार." एवढं बोलून त्या रिक्षांच्या मधून वाट काढत गेल्यासुद्धा. मी मात्र तिथेच उभी. बाईंनी एका वाक्यात माझ्या सगळ्यात फसलेल्या कामाला डोक्यावर घेतलं होतं, आणि सगळ्यात चांगल्या कामाला, ते काम आहे हे न कळताच, शाबासकी देऊन टाकली होती. आता हसू की रडू, असं लोक म्हणतात ना, मला दोन्ही येत नव्हतं, मला फक्त रिक्षा हवी होती.

कारण आजच द्यायचं होतं. नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये शाळेतल्या मुलामुलींच्या डिझाइनचं प्रदर्शन आहे आणि त्याचा विषयच मुळी 'माझं सर्वांत चांगलं काम' असा आहे. प्रत्येकाचं एकच. त्यात परत नियम असा की कागदावर फक्त डिझाइन हवं, ते कुठे लावलं त्याचा फोटो चालणार नाही. आमच्या ड्रॉइंगच्या रचना मिसना मी दोन्ही दाखवले आणि विचारलं, मिस, कुठलं? तर मिस चष्मा पुसत म्हणाल्या, "मी निवडलं तर ते माझ्या मते सर्वांत चांगलं ठरेल, तुझ्या नाही. विषय काय लिहिलाय वाच परत." इतका राग आला! मागच्या वर्षीपर्यंत मी तिसऱ्या बाकावर बसून हजेरीलासुद्धा हळू आवाजात ओ देणारी मुलगी होते. नववीत पप्पांचा जुना लॅपटॉप हातात आला, गल्लीतल्या एका बाळाच्या बारशाचा बॅनर मी करून दिला, आणि तेव्हापासून काय झालंय कोण जाणे, मी आता फ्लेक्सच्या दुकानात काउंटरवर कोपर टेकून "काका, हा निळा मेलाय, जिवंत करा" असं सांगते आणि काका करतातसुद्धा. इतकी सगळी हिंमत आली. पण मला स्वतःला काय आवडतं हे सांगायची वेळ आली आणि सगळी हवा निघाली. म्हणून नळीत दोन्ही. रिक्षात बसताना ठरवलं होतं, पूल ओलांडेपर्यंत ठरवायचं.

पूल चढायच्या आधीच रिक्षा अडकली, पुढे टेम्पो, त्याच्यापुढे बस, आणि मी मनाने प्रशांतकाकांच्या सत्काराला जाऊन पोचले. प्रशांतकाका म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. कंपनीतून रिटायर झाले तेव्हा सेवापूर्ती सत्कार ठेवलेला, आमच्याच कोपरीतल्या हॉलवर, आणि काका म्हणाले, बॅनर बाहेरून नाही करायचा, पायल करेल. स्टेजएवढं काम मला पहिल्यांदाच मिळत होतं. मी खाडी करायची ठरवली. आम्ही राहतो तिथून खाडी काही लांब नाही, आणि काका लहानपणापासून मला तिकडे फ्लेमिंगो दाखवायला न्यायचे, स्वतः दुर्बीण धरायचे आणि माझा नंबर यायच्या आत पक्षी उडायचे. तर खाली पाणी, पाण्यात लाल-गुलाबी पायांची ती सगळी गर्दी, कडेने खारफुटी, आणि बरोबर पाण्याच्या रेषेवर काकांचं नाव, मोठ्या अक्षरात, खाली त्याचं थरथरतं प्रतिबिंब. ते प्रतिबिंब करायला मला किती संध्याकाळी लागल्या! आणि मी काही अडाण्यासारखं केलं नव्हतं हं. स्टेजवर पाहुणे खुर्च्यांवर बसणार, त्यांची डोकी मध्ये येणार, हे मला माहीत होतं. म्हणून मी घरात मम्मी, पप्पा, आजोबा आणि शेजारचे साईनाथकाका अशा सगळ्यांना प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीत बसवलं आणि टेप लावून जमिनीपासून डोक्यापर्यंत मोजलं. मम्मी म्हणाली, "बया, शिवायला टाकतेयस का आम्हाला?" आजोबा तर मान ताठ करून श्वास धरून बसले, जणू फोटो काढतेय. सगळ्यात उंच डोकं साईनाथकाकांचं. त्याच्यावर चार बोटं सोडून मी नाव बसवलं. एकदम हुशार मुलगी!

आणि फेटे विसरले. म्हणजे आयुष्यभर ज्या समाजात वाढले, जिथे बारशापासून निवडणुकीपर्यंत स्टेजवर पाय ठेवला की फेटा, तिथली मी, फेटा विसरले. वंदना झाली, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लागल्या, आणि मग एकेका पाहुण्याला बोलावून फेटा बांधायला सुरुवात झाली. मी पहिल्या रांगेत बसले होते, हातात मोबाइल, अगदी राणीसारखी. पहिला फेटा बसला आणि काकांच्या नावातला 'प्र' गेला. दुसरा बसला, अजून एक अक्षर गेलं. मी मनात म्हणत होते, बस, आता नको, याला नको, पण ते बांधतच होते, आणि वरून तुरे! तुरा म्हणजे फेट्याच्या डोक्यावरचा तो पंखा, ऐटीत उभा. शेवटी स्वतः काकांना बांधला आणि काकांच्या स्वतःच्या तुऱ्याने काकांचं आडनाव झाकलं. समोरून दिसत होतं काय, तर वर 'सेवापूर्ती सत्कार' आणि त्याच्याखाली एका ओळीत निळे तुरे. माझी खाडी, माझे पक्षी, माझं प्रतिबिंब, सगळं खुर्च्यांच्या मागे. उशिरा आलेले एक गृहस्थ माझ्याच बाजूला टेकले आणि कानाशी वाकून म्हणाले, "बाळा, सत्कार कोणाचा आहे?" मी जे उठले ते हॉलच्या मागच्या जिन्यात जाऊन बसले. तिथे कोणीतरी चपला काढून ठेवल्या होत्या, त्यातल्या एका चपलेचा अंगठा तुटला होता, ते सगळं मला अजून दिसतं. आणि गंमत म्हणजे कार्यक्रमानंतर सगळे मला शोधत आले. कारण सकाळी रिकाम्या स्टेजचा फोटो मीच ग्रुपवर टाकला होता आणि तो फिरला होता. ज्याला त्याला तो फोटो माहीत होता. लोक स्टेजकडे बघत होते आणि मोबाइलमधला बॅनर आठवत होते. गोदूमावशींनीसुद्धा तोच पाहिलेला. मला वाटलं, सांगावं ओरडून, की अहो, तो बॅनर चाललाच नाही! पण कौतुक चालू असताना मध्येच असं ओरडणं किती कठीण असतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि खरं सांगायचं तर थोडं गोडही वाटत होतं, नाही कसं म्हणू.

रिक्षा हलली. पुलावर वारा लागला, केस तोंडात गेले. पुलावरून दोन्हीकडच्या इमारतींवर बॅनरच बॅनर दिसतात, वाढदिवसाचे, अभिनंदनाचे, आणि काकांच्या सत्कारानंतर मी प्रत्येकाकडे असं बघायचे की याच्यापुढे माणसं उभी केली तर काय उरेल. तेव्हा घरातल्या सगळ्या कार्यक्रमांचे जुने फोटो मी काढून बसले होते, लग्नं, जयंत्या, वाचनालयाचं उद्घाटन, आणि सगळ्यांत खालचा अर्धा भाग डोक्यांखाली बुडालेला. म्हणजे आपण सगळे बॅनर रिकाम्या स्टेजसाठी करतो आणि मग माणसं येऊन तो खराब करतात, असंच मला वाटायचं. माणसांचा रागच यायचा. उपाय सुचला तो गणिताच्या तासाला. माझी जागा त्या आठवड्यात शेवटच्या बाकावर होती, आणि सर फळ्याच्या वरच्या अर्ध्यातच लिहीत होते, खाली सगळा काळा फळा मोकळा. का, तर मागच्यांना डोक्यांआडून दिसत नाही म्हणून. मी फळ्याकडे बघत होते आणि एकदम मला त्याच्यापुढची डोकी दिसली. वेण्या, रिबिनी, एक नुकतंच भादरलेलं डोकं, पंख्याखाली हलणारे केस. फळ्याचा काळा आणि ही डोकी, मध्ये सांधाच नाही. कोणी पुढे वाकलं की लाट आल्यासारखी ओळ हलायची. मी इतक्या जोरात "हां!" म्हणाले की सरांना वाटलं मला उत्तर आलं. त्यांनी उभं केलं. उत्तर अर्थात आलं नाही.

केशरआजी म्हणजे आजोबांची बहीण, कल्याणला असते. तिच्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम घरच्यांनी ठेवला आणि बॅनर परत माझ्याकडे आला. ह्या वेळी मी काय केलं, तर वर उडणारे फ्लेमिंगो, खाली उतरू बघणारे, पाय पुढे काढलेले, पंख मागे. मध्ये केशरबाई, साधी जाड अक्षरं. आणि त्याच्याखाली काही नाही. फिकट पहाटेचा रंग, बस. पाणी काढलंच नाही. पक्षी उतरतायत, पण कशावर उतरतायत ते नाही. मग फेटेवाल्या उत्तमकाकांना घरच्यांच्या नकळत फोन केला. "काका, फेटे निळेच ना?" "जय भीमवाल्यांच्या कार्यक्रमाला निळेच असतात, पोरी." "सगळे एकाच निळ्यात नको, थोडे गडद, थोडे फिके." "बरं." "आणि तुरा उभा ठेवा." उत्तमकाका म्हणाले, "एकतीस वर्षं बांधतोय, आडवा तुरा अजून कोणाला बांधला नाय."

बॅनर स्टेजवर चढला आणि सगळे नातेवाईक खाली उभे राहून बघायला लागले. कोणीतरी काहीतरी वाईट बोलायचं होतं आणि कोण बोलणार ते ठरत नव्हतं. मग केशरआजीचा नातू दिपेशदादा बोलला. "पायल, अर्धा छापायचा राहिला का काय?" प्रशांतकाका मला सांभाळून घ्यायला गेले आणि म्हणाले, "अरे आजकाल असंच मोकळं मोकळं ठेवतात," पण त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं की माझा किती भारी होता. काकू म्हणाली, तिथे आजीचे लहानपणापासूनचे फोटो टाकता आले असते. तेवढ्यात दिपेशदादा झेंडूच्या माळा आणि टाचण्या मारायचं मशीन घेऊन स्टेजवर चढला, की खालच्या भागात माळा सोडतो, भरल्यासारखं वाटेल. आणि मी, हजेरीला हळू ओ देणारी मी, बॅनरच्या पुढे दोन्ही हात पसरून उभी राहिले. "हात लावायचा नाही." "अगं, पण बघ किती ओकंबोकं दिसतंय." "दिसू दे." "वेडी झालीस का?" "फेटे बांधून होईपर्यंत थांब, दादा. मग काय लावायचं ते लाव." का, ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं आणि जमलं नसतं तर? पण देवाशपथ... आमच्यात देव नाही, पण हात मी खाली घेतले नाहीत. हातांच्या मागे फ्लेक्सचा गुळगुळीत थंडपणा आणि ताज्या शाईचा वास, आणि समोर नातेवाईक. दादा माळा घेऊन बाजूला बसला, मशीन मांडीवर, बघतोच आता, अशा चेहऱ्याने.

मग फेटे सुरू झाले. मी या वेळी पहिल्या रांगेत बसले नाही, अगदी शेवटी, पाण्याच्या पिंपापाशी जाऊन उभी राहिले. एक बसला. मग दुसरा, फिका. मग गडद. केशरआजी बांधून घेईना, "मेल्या, माझा अंबाडा कुठे जाईल?" म्हणाली, उत्तमकाका म्हणाले, "आजी, अंबाड्यावरच बांधतो, दोन मजली होईल," आणि सगळा हॉल हसला. मग तिलाही बांधला. उत्तमकाका बाजूला झाले आणि तिथे पाणी होतं. मी खोटं सांगत नाही. फिक्या पहाटेखाली निळ्याची एक ओळ, कुठे गडद कुठे फिकी, वर तुऱ्यांच्या उभ्या लाटा, कोणी बाजूच्याशी बोलायला मान वळवली की पाणी हलायचं, आणि वरून पक्षी पाय पुढे काढून नेमके त्याच्यावर उतरत होते. नाव पूर्ण वाचता येत होतं, पिंपापासूनसुद्धा. आजी बोलायला उठली तेव्हा तिचं डोकं पाण्यातून वर आलं आणि तिच्या नावाखाली येऊन थांबलं. मला ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं, आणि मी फक्त पेला भरून पाणी प्यायले आणि परत भरला आणि परत प्यायले. दिपेशदादाकडे पाहिलं. तो माळा विसरून टाळ्या वाजवत होता. कोणालाही काही कळलं नव्हतं. शेवटी माइकवरून आभार मानले तेव्हा फेटेवाल्या उत्तमकाकांचं खास नाव घेतलं, इतके सुंदर फेटे बांधल्याबद्दल, आणि ते स्टेजखालून कोणालातरी शोधल्यासारखे इकडेतिकडे बघत राहिले. माझं नाव नव्हतं. वाईट वाटलं का? वाटलं. थोडं. पण ते वाईट वाटणं त्या जिन्यातल्यासारखं अजिबात नव्हतं. कसं सांगू? आपण लपून बसावं आणि शोधणारा अगदी जवळून निघून जावा, तेव्हा तोंडावर हात दाबून जे हसू येतं ना, तसं काहीतरी त्याच्यात मिसळलेलं होतं.

नौपाड्यात शिरल्यावर श्रियाचा फोन आला. श्रिया माझी मैत्रीण, घोडबंदर रोडला राहायला गेली तरी शाळा तीच. "दिलास का?" "नाही अजून." "पायल, प्लीज, हिरॉइनगिरी करू नकोस. फ्लेमिंगोवाला दे. खाडीवाला. लाइक्स बघ त्याच्यावर." "दोन्हींवर फ्लेमिंगो आहेत." "ज्याच्यावर पूर्ण आहेत तो दे गं बाई! दुसऱ्याच्या समोर उभं राहून तू काय प्रत्येकाला गोष्ट सांगणारेस का?" तिचं खरं होतं. हेच तर मला सकाळपासून टोचत होतं. कागदावर ना खुर्च्या येणार होत्या, ना आजी, ना तुरे. कागदावर पहिला बॅनर जिवंत होता आणि दुसरा अर्धवट. परीक्षक येणार, दोन सेकंद बघणार, आळशी मुलगी म्हणून पुढे जाणार. आणि जे कोणालाच दिसलं नाही, ते चांगलं होतं हे फक्त मलाच माहीत असेल, तर ते चांगलं आहे की मी स्वतःचीच समजूत घालतेय? या प्रश्नाला रिक्षात बसून उत्तर मिळत नाही. मी खूप प्रयत्न केला. मी डोळे मिटले आणि पहिला बॅनर आठवायचा प्रयत्न केला, तर मला चपलेचा तुटलेला अंगठा दिसला. दुसरा आठवला, तर तोंडात पाण्याची चव आली, पिंपातल्या, थोडी प्लास्टिकची. मी म्हणाले, "श्रिया, ठेवते, आलं." ती म्हणाली, "शहाण्यासारखं कर." मी म्हणाले, "करते ना."

हॉलच्या दाराशीच टेबल लावलं होतं. पुढे कुठल्यातरी शाळेची दोन मुलं आपापलं चमचमीत काम देऊन गेली, एकाचं तर खरंच सोनेरी होतं. टेबलामागच्या सरांनी माझं नाव, शाळा विचारलं. मी नळीचं झाकण काढलं, आत दोन्ही कागद एकमेकांत गुंडाळलेले, आणि मी बोटांनी आतला ओढला. बाहेरचा तिथेच राहू दिला, झाकण लावलं. सरांनी कागद टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर तळवे दाबले, वरून खाली बघत आले आणि खाली आल्यावर थोडे थांबले. मी श्वास धरला होता, आजोबांसारखा. मग त्यांनी गोल पिवळ्या स्टिकरांची पट्टी ओढली, एकावर नंबर लिहिला, सोलला, आणि बोटावर घेऊन कागदाच्या खालच्या मोकळ्या भागावर आणला. "इथे लावतो, छान जागा आहे."

"नको सर," मी म्हणाले. आवाज मोठा आला, मागच्या रांगेतली मुलंसुद्धा बघायला लागली, पण आला तो आला. "मागे लावा."

"मागे लावला तर नंबर दिसणार नाही बाळा. इथे तर काहीच नाहीये."

"आहे सर. तिथे माणसं बसतात."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग परत त्या मोकळ्या भागाकडे, जरा जास्त वेळ. आणि स्टिकर बोटावर तसाच ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने कागद हळूच उलटा केला.